दावं धरणारे हात

मृग तोंडावर आला की आपल्याकडे कुरडया-पापडांचे डबे भरून होतात, छपराची डागडुजी होते आणि एखाद्या सकाळी गोठ्यासमोर हाक येते, ‘‘वहिनी, जनावरं सोडू नका, लस टोचायचीय!’’ घटसर्प, फऱ्या हे पावसाळी रोग. त्यांची लस पाऊस सुरू व्हायच्या आत टोचलेली बरी. लाळ्या-खुरकुताची लस तर वर्षातून दोनदा. ही लस फुकट मिळते, म्हणून आपण खूश असतो. पण ती टोचायला येणारं माणूस कोण, याचा विचार आपण फारसा करत नाही.

बचत गटांच्या कामानिमित्त माझं खेड्यापाड्यांत जाणं असतं. तिथे मी पाहते, सरकारी डॉक्टर एक आणि गावं अनेक. मग मोहिमेच्या दिवसांत पदविका झालेली मुलंमुली तात्पुरती घेतात, मदतीला पशुसखी असतात. काम सरकारचं, पण ही माणसं सरकारी नोकर नव्हेत. मोहीम संपली की कामही संपलं. मोबदला बऱ्याचदा जनावरामागे ठरलेला. म्हणजे गाय सापडली नाही, म्हैस उधळली, मालक ‘आज नको’ म्हणाला, की ती फेरी फुकट गेली.

आणि कामाचं स्वरूप पाहा! खांद्याला बर्फाची पेटी, कारण लस दोन ते आठ अंश तापमानातच टिकते. जनावरं चरायला जायच्या आत पोचायचं म्हणून पहाटे घर सोडायचं. राहिलेली जनावरं संध्याकाळी परतल्यावर. समोर चारशे-पाचशे किलोची म्हैस, पायाखाली शेण-मुताचा चिखल. गाय नुसती मागे लाथ मारत नाही, बाजूलाही पाय फिरवते, हे आपल्याला धार काढताना ठाऊक झालेलं असतं. कानात बिल्ला मारताना जनावर मान झटकतं, तेव्हा शिंग कुठे लागेल याचा नेम नाही. दिवसभरात असं किती जनावरांशी झुंजायचं! आमच्या गटातली एक पशुसखी म्हणते, ‘‘ताई, रात्री भाकरी थापायला हात वर होत नाही हो.’’ त्यात बाईमाणसाला दिवसभर जायला आडोसा नाही, म्हणून ती पाणीच पीत नाही.

एक धोका तर डोळ्यांना दिसतही नाही. सांसर्गिक गर्भपाताची, म्हणजे ब्रुसेल्लाची लस चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आणि पारड्यांना देतात. या लशीत जिवंत जंतू असतात. जनावर हिसकलं आणि सुई स्वतःलाच टोचली, तर माणसाला तो आजार होऊ शकतो. पुन्हापुन्हा येणारा ताप, सांधेदुखी, महिनोन्महिने अंगात मुरणारी. हातमोजे, चष्मा, मुखपट्टी हा इथे थाट नाही, गरज आहे. तरी उघड्या हातांनी चाललेलं काम मी पाहिलंय.

आता तुम्ही म्हणाल, याचा आपल्याशी काय संबंध? मैत्रिणींनो, जनावर धरतं कोण? पुरुष शेतावर नाहीतर कामावर गेलेले. दावं धरायला घरातली बाईच असते, कधी दिवस गेलेली सूनसुद्धा. सुई टोचणारीला निदान मोबदला तरी मिळतो. दावं धरणारीची तर गणतीच नाही.

२०१९च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ४० लाख गाय-बैल आणि ५६ लाख म्हशी मोजल्या गेल्या. त्याच वर्षी केंद्राने राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू केला आणि २०३०पर्यंत लाळ्या-खुरकूत हटवायचं ठरवलं. उद्दिष्ट चांगलंच आहे. २०२२च्या लम्पीच्या साथीत लस दारापर्यंत पोचली, ती अशाच पायपीट करणाऱ्या माणसांमुळे. मग मोहिमेच्या खर्चात जशी लस धरतात, बर्फ धरतात, तसं ती टोचणारं शरीरही धरायला नको का? अपघात विमा, हातमोजे, धनुर्वाताचं इंजेक्शन, प्रवासखर्च आणि वेळेवर पैसे. यात जगावेगळं काहीच नाही. प्रत्येक गावात एक मजबूत खोडा असेल तर निम्म्या लाथा वाचतील. जनावर झुंजलं नाही तर लसही नीट टोचली जाईल, म्हणजे फायदा पुन्हा आपलाच.

खोड्याची मागणी महिला ग्रामसभेत आपणच लावून धरू शकतो. आणि काही गोष्टींना तर ठराव लागतच नाही. दवंडी झाली की जनावरांना मोरकी घालून सावलीत, कोरड्या जागी आखूड बांधावं. पोटुशी बाईने या कामात हात घालू नये, आणि सासूबाईंनीच तसं सांगावं. आलेल्या मुलीला पाणी विचारावं, घरातलं न्हाणीघर-संडास दाखवावा. एका जनावराची सुई दुसऱ्याला टोचू देऊ नये, पण ते सांगताना आवाज चढवू नये. नवी सुई पुरवणं हे तिच्या वरच्यांचं काम असतं.

दुधाच्या पैशांवर आपल्या मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च निघतो. ते दूध राखणाऱ्या हातांना आपण ‘लसवाला आला’ एवढ्यावर वाटेला लावतो. त्यांच्या कष्टाचं मोल सरकारकडे मागायचं, तर आधी ते आपल्या दारात ओळखायला हवं.