ते परत आले तर?

वाचकहो, अकाली गेलेला एखादा कलावंत परत येणार असेल, तर तुम्ही कुणाला बोलवाल? मी तंजावरच्या वडिवेलूंना बोलावेन.

तंजावरजवळच्या ओरत्तनाडूला गेलात तर तिथलं छत्रम्, म्हणजे धर्मशाळा, नक्की पाहा. मराठी राजे सरफोजी दुसरे यांनी दिवंगत मुक्तांबाळच्या नावाने १८०२च्या सुमारास ती बांधली. याच राजांच्या दरबारात वडिवेलू आणि त्यांचे तीन भाऊ होते. पुढे वडिवेलू त्रावणकोरला स्वाती तिरुनाळ महाराजांकडे गेले. महाराज १८४६ मध्ये ३३व्या वर्षी गेले. वडिवेलूंनीही चाळिशी गाठली नाही.

त्यांचं वादन आपल्याला कधीच ऐकता येणार नाही, कारण तेव्हा ध्वनिमुद्रण नव्हतं. पण कर्नाटक संगीतात व्हायोलिन रुजवणाऱ्या पहिल्या पिढीतले ते. आज बहुतेक मैफलींत गायकाशेजारी व्हायोलिन दिसतं, तेव्हा थोडे वडिवेलूच परत आलेले असतात!

आपले द. वि. पलुसकर १९५५ साली ३४व्या वर्षी गेले, पण त्यांचा आवाज ध्वनिमुद्रिकांत आहे.

नाव दगडात टिकतं. सूर टिकतो तो शिकवल्याने आणि जपल्याने. तुमच्या आजीच्या ओव्या, आजोबांचे अभंग आजच फोनवर रेकॉर्ड करा. आणि हो, एखादी ओवी शिकूनही घ्या!