लाळेची चाचणी कोणाच्या तोंडावर ठरणार?

पेशवाईत पुण्याच्या रस्त्यावर अस्पृश्याच्या गळ्यात मडके असे. त्याची थुंकी जमिनीवर पडली आणि सवर्णाचा तिच्यावर पाय पडला तर तो बाटत असे! बाबासाहेबांनी 1936 साली लाहोरसाठी लिहिलेल्या, पण होऊ न दिलेल्या भाषणात हे नोंदवले आहे. आज जगभरच्या प्रयोगशाळा त्याच थुंकीत मधुमेह, लठ्ठपणा आणि शरीरातील सूज यांच्या खुणा शोधत आहेत. मग या शोधाचा लाभ कोणाला, हे आम्ही विचारणारच.

लाळ म्हणजे 99 टक्के पाणी. उरलेल्या अंशात साखर, युरिक अ‍ॅसिड, इन्सुलिन, सूज दाखवणारे सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन असे बरेच काही सापडते. कॉर्टिसॉल हे संप्रेरक तर डॉक्टर आजही लाळेतून तपासतात. पण लाळेतली साखर रक्तातल्या साखरेच्या जेमतेम शंभराव्या हिश्श्याएवढी. म्हणून मधुमेहाचे निदान अजून रक्तावरच होते. थुंकीवर साखर सांगतो म्हणणाऱ्याला कोणी पैसे देऊ नयेत.

तरीही ही चाचणी आम्हाला हवी आहे. आयसीएमआरच्या 2023 च्या पाहणीनुसार देशात 10 कोटींहून अधिक मधुमेही आहेत आणि 13 कोटींहून अधिक लोक त्या उंबरठ्यावर आहेत. खेळणा-पूर्णेच्या संगमावरचे जाफराबाद घ्या. कापूस वेचणारी बाई उपाशीपोटी साखर तपासायला सकाळी दवाखान्यात थांबली की तिचा रोज बुडतो. पुढच्या तपासणीला जालना गाठायचे तर भाडे वेगळे. लाळेचा नमुना ती घरी देऊ शकेल. हे अशक्य नाही. नागपूरच्या नीरी संस्थेने 2021 साली मिठाच्या पाण्याची गुळणी करून कोरोना तपासण्याची पद्धत काढली आणि आयसीएमआरने तिला मान्यता दिली.

आमची शंका वेगळीच आहे. या चाचण्यांची मापे कोणाची तोंडे पाहून ठरणार? आमच्या वस्त्यांत मिश्री आहे, तंबाखू आहे. गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, पण पुडी टपरीवर मिळतेच. अशा तोंडात हिरड्या सुजतात, रक्त येते आणि सुजेची द्रव्ये हिरडीतूनच लाळेत उतरतात. म्हणजे यंत्र मोजणार हिरडी आणि आजारी ठरवणार अख्खे शरीर! उलट मधुमेहानेही हिरड्या सडतात. हा गुंता पांढऱ्या दातांची माणसे तपासून सुटणार नाही.

परक्या मापाने काय होते ते पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवले आहे. 1993 पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायांचा अभ्यास केला. तिथली बाळे सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधील साउथॅम्प्टनची 3.5 किलोची. आमची बाळे हाडकुळी, पण अंगातली चरबी मात्र टिकून! जाड्यालाच साखर होते, हा समज तिथेच कोसळला. रोजगार हमीवर राबणाऱ्या किडकिडीत माणसाकडे कोणी संशयाने पाहतच नाही, आणि पायाची जखम चिघळते तेव्हाच आजार कळतो. मधुमेहाने बाबासाहेबांना शेवटच्या वर्षांत किती छळले, हे चळवळीला सांगायला नको.

आणि खायला काय मिळते? रेशनवर मुख्यतः गहू-तांदूळ. 2022 च्या दिवाळीत सरकारने शंभर रुपयांत 'आनंदाचा शिधा' दिला: रवा, हरभरा डाळ, साखर आणि पामतेल. त्यात डाळ सोडली तर मधुमेह्याच्या कामाचे काय होते? मराठवाडा ज्वारी पिकवतो, ती रेशनवर नियमित का नाही? आहार बिघडवायचा आणि मग थुंकीत आजार शोधायचा, याला आम्ही आरोग्यसेवा म्हणणार नाही.

लाळेवर जे संशोधन होईल त्यात मिश्री लावणारी शेतमजूर बाई मोजली गेली पाहिजे, आणि तालुक्याच्या दवाखान्यात दातांचा डॉक्टर नियमित बसला पाहिजे. तोवर आशाताई तिशीपुढच्यांचा फॉर्म भरायला दारात येते तेव्हा तंबाखू-मिश्रीचे उत्तर लपवू नका, कंबर मोजू द्या आणि उपकेंद्रात बोट टोचून होणारी साखरेची मोफत तपासणी मागून घ्या.