जुगाडाचं कौतुक पुरे

शहरातले पाहुणे गॅरेजात येतात, तारेनं बांधलेला एखादा सायलेन्सर बघतात आणि मोबाइल काढतात. "काय डोकं आहे हो गावाकडच्या लोकांचं! जुगाड!" मी हसून चहा सांगतो, पण आतून चिडतो. ४० वर्षं इंजिनं खोलतोय. जुगाड हा शब्द मला शाबासकी वाटत नाही. का, ते सांगतो.

तालुक्याच्या गावी वस्तादांच्या हाताखाली शिकत होतो तेव्हाची गोष्ट. चैत्राचे दिवस. चुलत्याच्या विहिरीवरचं ५ हॉर्सचं डिझेल इंजिन निळा धूर ओकायला लागलं. हँडल मारून मारून दंड भरून यायचे, तरी चालू होईना. चुलत्यानं हेड सायकलला बांधून आणलं. बघतो तर व्हॉल्व्ह गाईडात खुळखुळतोय. व्हॉल्व्हची दांडी ज्या नळीतून वरखाली होते ती नळी म्हणजे गाईड. ते झिजलं की तेल सिलिंडरात उतरतं, व्हॉल्व्ह सीटवर सरळ बसत नाही आणि कॉम्प्रेशन जातं.

जुनी गाईडं ठोकून काढली, नवी दाबून बसवली. आता व्हॉल्व्ह आत जाईना. जाणारच नाही. गाईड हेडात घट्ट बसताना आवळतं, भोक बारीक होतं. रिमर फिरवून ते मापात आणायचं असतं. रिमर वस्तादांच्या कुलपाच्या पेटीत आणि वस्ताद लग्नाला गेलेले. चुलता दारात बसून होता. भुईमुगाला आऱ्या सुटत होत्या, पाणी तोंडावर आलेलं. मी व्हॉल्व्ह ड्रिल मशीनच्या चकात धरला, दांडीला पॉलिश पेपर लावला आणि आत जाईपर्यंत घासला.

गेला! चुलता म्हणाला, "पोरगं डोक्याचं हाय."

चौथ्या रात्री एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गाईडात धरला आणि पुशरॉड वाकला. सुटे भाग येऊन इंजिन उभं राहीपर्यंत ८ दिवस गेले. तेवढ्यात भुईमूग माना टाकून बसला. काढणीला वेल उपटले, तर निम्म्या शेंगा पोचट. त्या वर्षी चुलतीनं तेल दुकानातून आणलं. चुलता एवढंच म्हणाला, "मशीन हाय, पडतंय बंद." तो रागावला असता तर बरं झालं असतं.

वस्तादांनी तो व्हॉल्व्ह मायक्रोमीटरनं मापून माझ्या हातात दिला. दांडी कुठं जाड, कुठं बारीक. गरम होऊन फुगली की जाड भागात धरणारच. वस्ताद म्हणाले, "चप्पल बसंना म्हणून पाय तासतोस व्हय रं?"

मग त्यांनी पेटी उघडली. रिमर भोकात सरळ उभा धरायचा, जोर द्यायचा नाही, नुसता फिरवत राहायचं. घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं आत, आणि बाहेर काढतानाही त्याच दिशेनं. उलटा फिरवला की धार मरते आणि भोकाला ओरखडे पडतात. बिडाचं गाईड कोरडंच कापायचं, पितळी जातीचं असेल तर तेल. थोडं कापा, भुकटी पुसा, व्हॉल्व्ह घालून बघा. ८ मिलिमीटरच्या दांडीला साधारण २ ते ३ थाऊ मोकळीक लागते. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. ३ थाऊ म्हणजे डोक्याच्या एका केसाएवढी जाडी. एक्झॉस्ट जास्त तापतो, त्याला किंचित जास्त. आणि गाईड बदललं की मध्य बदलतो, म्हणून सीटही पुन्हा मारायची. सगळं मिळून अर्धा दिवस.

आता मला सांगा, यात जुगाड कुठं आहे? हे माप आहे. तुमच्या इमारतीची लिफ्ट कुणी तारेनं बांधली तर तुम्ही फोटो काढाल का? मग आमच्या विहिरीवरच्या इंजिनालाच अंदाजपंचे का चालावं? शेतकऱ्याच्या मशीनला केसाएवढं माप लागतं, हेच कुणाला खरं वाटत नाही.

दोष एकट्या शहराचा नाही. आपली माणसं गाईडाचे पैसे निमूट देतात, कारण गाईड डोळ्याला दिसतं. रिमरच्या मजुरीला मात्र, "नुसतं भोकात फिरवलंस, त्याचे कसले पैसे?" मग मेकॅनिकही शहाणा होतो. पेपर मारतो, नाहीतर ड्रिल घालून भोक मोठं करतो. इंजिन दारात चालू होतं, गिऱ्हाईक खूश. पुढं रानात काय होतं ते रानालाच माहीत.

रात्री बाराला पाणी चालू असताना काही तुटलं तर तारेनं बांधा, मीही बांधतो. पण सकाळी ती तार सोडायची असते. आपण ती वर्षभर ठेवतो आणि वर मिरवतो.

म्हणून हेड खोलायला द्याल तेव्हा मेकॅनिकला विचारा, "रिमर आहे का? दाखव." असेल तर त्या अर्ध्या दिवसाची मजुरी घासाघीस न करता द्या. नसेल तर हेड सायकलला बांधा आणि पुढच्या गावी जा.