हात तुटलेला हीरो

गेल्या महिन्यात आमच्या धाकट्या चिरंजीवांचा सातवा वाढदिवस झाला. भेट म्हणून सिनेमातल्या एका हीरोची ॲक्शन फिगर आली. नवव्या दिवशी हीरोचा उजवा हात खांद्यातून तुटला. सिनेमात हा गृहस्थ इमारतीवरून पडला तरी त्याला खरचटत नाही. आमच्याकडे तो फक्त सोफ्यावरून पडला होता!

रडारड थांबल्यावर आम्ही स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलो. इंजिनिअरिंगची डिग्री अशा वेळी नाही तर केव्हा कामाला येणार? पण पाठीला स्क्रूच नव्हता. दोन्ही अर्धे भाग कायमचे चिकटवलेले. ज्या खुंटीवर हात फिरतो ती आगकाडीएवढी बारीक, आणि सगळा भार तिच्यावर.

भारतातून आलेल्या आजी म्हणाल्या, "पूर्वीची खेळणी कशी टिकायची!" हे खरं आहे का?

'स्टार वॉर्स' हा सिनेमा मे १९७७ मध्ये आला. केनर कंपनीची खेळणी त्या नाताळपर्यंत तयार झाली नाहीत, म्हणून कंपनीने चक्क कूपन घातलेली रिकामी पाकिटं विकली. बाहुल्या १९७८ साली पोस्टाने घरी आल्या. त्यांतल्या माणसांना बहुतेक पाचच सांधे होते: मान, दोन खांदे आणि दोन पाय. सांधे कमी, म्हणून मोडण्याच्या जागाही कमी. आजच्या काही फिगर्सना वीसहून जास्त सांधे असतात. गुडघा वाकायला हवा, मनगट फिरायला हवं, हा हट्ट आपल्याच मुलांचा. तेव्हा सगळा दोष कंपन्यांना देऊन चालणार नाही.

पण एक तक्रार आमची आहेच. १९८२ साली आलेल्या छोट्या जी. आय. जोच्या पाठीत स्क्रू होता आणि आत एक रबरी कडी. भारतात वाढलेल्या काही आईबाबांना फनस्कूलचे जी. आय. जो आठवत असतील. ती कडी काही वर्षांनी तुटायचीच, पण स्क्रू काढून नवी घालता यायची. आमच्या मते टिकाऊ खेळणं म्हणजे कधीच न मोडणारं नव्हे, तर मोडल्यावर दुरुस्त करता येणारं. ऑफिसात एक चूक सापडली म्हणून आम्ही अख्खा प्रोग्रॅम कचऱ्यात टाकत नाही!

आमच्या कन्येने दुसरा उपाय सुचवला: "बॉक्समधून काढायचंच नव्हतं." मोठी माणसं असा संग्रह करतात खरी. आजींच्या घरी सावंतवाडीची लाकडी फळं अशीच वर्षानुवर्षं शोकेसमध्ये आहेत, आणि लहानपणी आम्हाला त्यांना हात लावायची बंदी होती. ती फळं टिकली, पण त्यांच्याशी खेळलं कोण? 'टॉय स्टोरी २' (१९९९) मध्ये हात उसवलेल्या वुडीलाही हाच प्रश्न पडतो: म्युझियममध्ये काचेआड जपून राहायचं, की अँडीकडे परत जायचं? शिवाय प्लॅस्टिक बॉक्समध्येही म्हातारं होतं. उन्हाने पिवळं पडतं, आणि मऊ प्लॅस्टिकमधलं तेलकट द्रव्य बाहेर येऊन ते चिकट होतं.

शेवटी आम्ही बारीक ड्रिलने दोन्हीकडे भोक पाडलं, पेपरक्लिपची तार घातली आणि सुपरग्लू लावला. या खटाटोपात चिरंजीव खुंटी, सांधा, कडी असे तीन मराठी शब्द शिकले. हात आता फिरत नाही. हीरो कायम हात वर करून उभा असतो, जणू वर्गात "बाई, मी सांगू?" म्हणतोय. नवीन आणू का विचारलं, तर उत्तर मिळालं, "नको, हाच."

पालकहो, पुढचं खेळणं घेताना आधी पाठ फिरवून स्क्रू आहे का ते बघा. आणि मुलांनो, घरात हात-पाय तुटलेलं कोणी असेल तर पुढच्या वर्गाला घेऊन या. मधल्या सुट्टीत आम्ही ड्रिल आणि पेपरक्लिपा घेऊन बसू. अट एकच: कुठे काय तुटलंय ते मराठीत सांगायचं!