गावाची वेबसाइट नेमकी कोणासाठी?



सहावीला नागरिकशास्त्र शिकवताना ग्रामसभा, सरपंच, पंचायतीचे उत्पन्न हे सगळं आपण फळ्यावर लिहून देतो. यंदा म्हटलं, मुलांना गावाची वेबसाइटच दाखवू. पहिल्याच पानावर मान्यवरांचे फोटो, खाली गावाचा इतिहास आणि सूचनांच्या रकान्यात तीन वर्षांपूर्वीची ग्रामसभेची नोटीस! एका मुलीने विचारलं, "सर, पुढची ग्रामसभा कधी आहे?" ते कुठेच नव्हतं. शेवटी ती घरी जाताना पंचायतीच्या फलकावर वाचून आली.

माझं मत स्पष्ट आहे. अशी वेबसाइट उद्घाटनासाठी बनते, गावकऱ्यांसाठी नाही. जन्माचा दाखला, नमुना ८ चा उतारा, घरपट्टीची बाकी, ग्रामसभेची तारीख, यापलीकडे माणूस तिथे फारसं काही शोधत नाही. तेवढं पहिल्या पानावर, मोबाइलवर वाचता येईल असं द्या. फोटो मागे गेले तरी चालतील.

दुसरी अडचण लहान वाटते, पण फार नडते. ठराव स्कॅन करून टाकलेले असतात, नाहीतर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेले. मग 'पाणीपट्टी' असं शोधलं तर काहीच सापडत नाही. माहिती आहे, पण असून नसल्यासारखी. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करायला जास्तीचा पैसा लागत नाही. आपल्या शाळेतली मुलंसुद्धा ते करतात.

ही काही मेहेरबानी नाही बरं का. माहिती अधिकार कायदा, २००५ चे कलम ४ सांगते की कार्यालयाने १७ प्रकारची माहिती कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता स्वतःहून जाहीर करावी, आणि ती देताना स्थानिक भाषेचा विचार करावा. राज्याच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानुसार अधिसूचित सेवेला दिवसांची मुदत असते. मुदत टळली तर अपील करता येते. किती पालकांना हे ठाऊक आहे? पहिलीच्या प्रवेशावेळी दाखल्यासाठी हेलपाटे मारणारे पालक आपण दरवर्षी बघतोच. (ज्यांना मोबाइल जमत नाही त्यांच्यासाठी खिडकी उघडी राहिलीच पाहिजे, हेही सांगून ठेवतो.)

आता चांगली बाजू. २४ एप्रिल २०२० ला केंद्राने 'ई-ग्रामस्वराज' पोर्टल सुरू केले. राज्य, जिल्हा, तालुका, पंचायत आणि वर्ष निवडलं की गावाचा मंजूर विकास आराखडा कोणालाही बघता येतो, लॉगिनची गरज नाही. आमच्या वर्गाने तो उघडला. कामांच्या यादीत एक ओळ सापडली, शाळेच्या स्वच्छतागृहाची दुरुस्ती. मुलं एकमेकांकडे बघायला लागली, कारण तिथल्या नळाला पाणीच नाही.

आराखड्यात काम आलं म्हणजे पैसा खर्च झाला असं नसतं, हे मी त्यांना समजावलं. पण मुलांनी घरी सांगितलंच. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत दोन पालक त्या पानाची प्रिंट घेऊन उभे राहिले. काम पुढच्या वर्षी करू, असं उत्तर मिळालं आणि ते इतिवृत्तात लिहून घेतलं गेलं. ते इतिवृत्त वेबसाइटवर कधी येतं, हे आमची सहावी दर सोमवारी उघडून बघते.