ते रेकॉर्डिंग कोणाचं?

शनिवारी दुपारी हार्ड डिस्क साफ करायला बसलो की हमखास काहीतरी जुनं सापडतं आणि साफसफाई तिथेच थांबते. गेल्या शनिवारी सापडलं एक फोल्डर, नाव नुसतंच 'गिग'. आत एकच फाईल, ५२ मिनिटांची. २०२३ च्या पावसाळ्यात कोरेगाव पार्कातल्या एका रेस्टॉरंटच्या वरच्या मजल्यावर माझ्या कॉलेजच्या मित्रांचा बँड वाजला होता, त्याचं मी केलेलं रेकॉर्डिंग. समोर जेमतेम चाळीस माणसं, त्यातली निम्मी बिर्याणीसाठी आलेली. मी माझा हातात मावणारा रेकॉर्डर साउंडवाल्याच्या टेबलाशेजारच्या खुर्चीला चिकटपट्टीने बांधून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी हौसेने सात-आठ जणांना लिंक पाठवली. रात्री गिटारिस्टचा फोन. "काढ ते आधी. तिसरं गाणं अजून अर्धवट आहे, आणि सोलोमध्ये मी दोनदा आपटलोय." मी म्हटलं, अरे, चाळीस लोकांनी ऐकलंय की ते. तर म्हणतो, "ऐकलं आणि विसरले. तू विसरू देत नाहीयेस."

लिंक काढली. फाईल मात्र ठेवली. पण तेव्हा जाम रागावलो होतो. कारण या विषयावर माझं मत पक्कं होतं, आणि ते मला माझ्या आवडत्या बँडने शिकवलं होतं.

तो बँड म्हणजे ग्रेटफुल डेड. आपल्याकडे रॉक म्हणजे मेटॅलिका, मेडन, फार तर पिंक फ्लॉइड. डेड ऐकणारा माणूस ऑफिसात सापडला तर मी त्याला स्वखर्चाने चहा पाजतो (आतापर्यंत खर्च : दोन चहा). १९६५ ते १९९५ या तीस वर्षांत या लोकांनी २३०० च्या आसपास कार्यक्रम केले. एकच गाणं आज सात मिनिटांचं, उद्या सतरा मिनिटांचं. स्टुडिओतले अल्बम ठीकठाकच. खरा बँड स्टेजवर होता, आणि तो दर रात्री वाजून हवेत विरून जात होता. त्यामुळे लोक टेपरेकॉर्डर घेऊन यायला लागले.

दुसरा कुठलाही बँड असता तर काय झालं असतं? लेड झेपेलिनचा मॅनेजर पीटर ग्रँट याचा किस्सा प्रसिद्ध आहे. १९७१ मध्ये व्हँकूव्हरच्या कार्यक्रमात कोणीतरी माइक घेऊन उभा दिसला. साहेबांनी माणसं लावून ते यंत्र फोडलं. नंतर कळलं की तो बिचारा सरकारी माणूस, आवाजाची पातळी मोजायला आला होता. हा तेव्हाचा सर्वसाधारण शिरस्ता.

डेडने उलटं केलं. रेकॉर्डिंग करणाऱ्यांच्या माइकच्या काठ्यांचं जंगल इतकं वाढलं की साउंड इंजिनिअरला स्टेज दिसेना. तेव्हा हाकलून देण्याऐवजी ऑक्टोबर १९८४ पासून त्यांच्यासाठी साउंडबोर्डच्या मागे वेगळी जागाच आखून दिली, वेगळ्या तिकिटासकट. एकदा आम्ही वाजवून मोकळे झालो की ते लोकांचं, अशा अर्थाचं जेरी गार्सिया म्हणायचा. अट एकच : विकायचं नाही. अदलाबदल करा, कोऱ्या कॅसेट आणि परतीचं पोस्टेज पाठवून कॉपी मागवा, पण पैसे कमवायचे नाहीत.

आणि लोकांनी ती अट बऱ्यापैकी पाळली, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. कायदा नाही, सर्व्हर नाही, पासवर्ड नाही, नुसती पद्धत. पुढे इंटरनेट आल्यावर याच मंडळींनी एमपीथ्रीला नाक मुरडून फ्लॅकचा आग्रह धरला. प्रत्येक शोबरोबर एक टेक्स्ट फाईल : कुठला माइक, कुठला डेक, कितवी कॉपी, कोणी डिजिटल केलं. शिवाय चेकसम. आमच्या प्रोजेक्टमध्ये कमिट मेसेज म्हणून 'फिक्स' एवढंच लिहिणाऱ्या लोकांना मी या फाईली सक्तीने वाचायला द्यायला हव्यात. असो.

हे सगळं आपल्याला परकं नाही. माझ्या थोरल्या काकांकडे खासगी मैफलींच्या कॅसेटींचा एक ट्रंकभर साठा होता. कोणाच्या तरी वाड्यात, दिवाणखान्यात झालेलं गाणं, तबल्याच्या आवाजात मिसळलेला कपबशांचा आवाज, मागून कोणाचा तरी खोकला. प्रत्येक कॅसेट "फक्त तुला म्हणून देतोय, पुढे देऊ नकोस" असं बजावून मिळालेली, आणि प्रत्येक कॅसेट पुढे गेलेली. कंपनीने काढलेली रेकॉर्ड काका वर्षातून एकदा लावायचे. खोकलावाली कॅसेट दर रविवारी. ते रेकॉर्डिंग चोरीचं होतं का? गवयाला विचारलं होतं का? हा प्रश्न घरात कोणाच्या डोक्यात आल्याचं मला आठवत नाही.

आता मुद्द्याची भानगड. लाइव्ह रेकॉर्डिंगमध्ये एकावर एक तीन थर असतात. गाणं ज्यांनी रचलं त्यांचा हक्क वेगळा. त्या रात्री ज्यांनी वाजवलं त्यांचा वेगळा. आणि टेपवर जे उमटलं त्याची मालकी आणखी वेगळी. आपल्याकडेही १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ३८ कलाकाराला त्याच्या सादरीकरणावर हक्क देतं, आणि लगेच पुढचं कलम ३९ म्हणतं की स्वतःच्या खासगी वापरापुरतं केलेलं रेकॉर्डिंग म्हणजे त्या हक्काचा भंग नव्हे. म्हणजे माझ्या हार्ड डिस्कवरची फाईल कायद्याने बसते. सात-आठ जणांना पाठवलेली लिंक? तिथे गाडी घसरते. खासगी म्हणजे माझ्यापुरतं, माझ्या व्हॉट्सअॅप ग्रुपपुरतं नव्हे.

या तीन थरांचा घोळ बघायचा तर बिल ग्रॅहमची टेप्स बघा. ग्रॅहम म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोचा नामांकित आयोजक. त्याने आपल्याकडच्या कार्यक्रमांची रेकॉर्डिंग्ज साठवून ठेवली होती. १९९१ मध्ये तो हेलिकॉप्टर अपघातात गेला. पुढे तो सगळा खजिना एका उद्योजकाने विकत घेतला आणि 'वुल्फगँग्ज व्हॉल्ट' नावाने लोकांसाठी खुला केला. डिसेंबर २००६ मध्ये त्याच्यावर खटला भरणाऱ्यांत झेपेलिनवाले होते, डोअर्स होते, सँटाना होता आणि... ग्रेटफुल डेडसुद्धा! फुकट वाटणारे लोक कोर्टात कसे, असं वाटू शकतं. मला त्यात विसंगती दिसत नाही. त्याने टेप विकत घेतली होती, गाणं आणि वाजवणं नव्हे. 'विकायचं नाही' ही अट टेपर पोरांना होती, तशी ती लक्षाधीशालाही.

मला खरी विसंगती दिसते ती आदल्या वर्षी. नोव्हेंबर २००५. इंटरनेट आर्काइव्हवर डेडचे हजारो शो फुकट डाउनलोडला होते, ते एका रात्रीत काढले गेले. आता बँडची कंपनी स्वतः डाउनलोड विकायला लागली होती, हे उघड होतं. चाहते खवळले, बहिष्काराची भाषा सुरू झाली. बेसिस्ट फिल लेशने जाहीर सांगितलं की या निर्णयात मी नव्हतो. त्यांचा गीतकार जॉन पेरी बार्लो तर उघडपणे चाहत्यांच्या बाजूने उभा राहिला. हाच बार्लो, ज्याने १९९० मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशन काढायला हातभार लावला. टेप फुकट वाटल्यानेच आमची तिकिटं खपली, असं तो १९९४ पासून लिहीत आला होता. काही दिवसांत तडजोड झाली : प्रेक्षकांत बसून केलेली रेकॉर्डिंग्ज पुन्हा डाउनलोडला, साउंडबोर्डवरून घेतलेली फक्त ऐकायला.

लोकांनी तेव्हा याला गद्दारी म्हटलं. मला ही तडजोड फार हुशार वाटते. प्रेक्षकांतल्या माइकमध्ये टेपरची मेहनत आहे, त्याचे खांदे दुखलेत, ते त्याचं. साउंडबोर्डमधली वायर बँडची. कुठल्याही कायद्याच्या पुस्तकात नसलेली रेघ, पण बरोबर जागी मारलेली.

अर्थात साउंडबोर्डची टेप बँडच्या हातात सुरक्षित राहते, हाही भ्रमच. बेटी कँटर-जॅक्सन या त्यांच्या इंजिनिअरने केलेली टेप्स ऐंशीच्या दशकात एका भाड्याच्या गोदामात होती. भाडं थकलं, माल लिलावात गेला. ज्यांनी घेतला त्यांच्याकडून टेप्स दुरुस्त होऊन कॉप्या चाहत्यांत फिरल्या. त्यातच ८ मे १९७७ चा कॉर्नेल विद्यापीठातला शो होता. हा शो २०११ च्या यादीत लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या नॅशनल रेकॉर्डिंग रजिस्ट्रीत गेला, म्हणजे राष्ट्रीय ठेवाच. आणि बँडने तो अधिकृतपणे विकायला काढला कधी? २०१७ मध्ये. राष्ट्रीय ठेवा झाला तेव्हा तो शो दुकानात मिळतच नव्हता! चोरट्या कॉप्यांनीच तो जगवला होता. कॉपीराइटवाल्यांनी रेकॉर्डिंग करणाऱ्याला चोर म्हणण्याआधी एवढं लक्षात ठेवावं, अशी माझी माफक अपेक्षा.

आता मेटॅलिका. लार्स उलरिकला शिव्या घालणं हा रॉकवाल्यांचा राष्ट्रीय खेळ. एप्रिल २००० मध्ये नॅपस्टरवर खटला, मग मे महिन्यात ३,३५,४३५ युजरनेम्सची यादी घेऊन स्वारी थेट नॅपस्टरच्या दारात. ज्या बँडचं नाव १९८२ च्या एका डेमो कॅसेटच्या कॉप्यांवर कॉप्या होऊन पसरलं, जो आपल्या कार्यक्रमांत टेपरना येऊ देत होता, त्याने हे करावं? मीही कॉलेजात असताना हेच बोलायचो, तावातावाने.

पण खटला कशावरून सुरू झाला ते बघा. 'आय डिसअपिअर' नावाचं गाणं, 'मिशन इम्पॉसिबल २' साठी केलेलं. त्याची अपुरी आवृत्ती फुटली आणि रेडिओवर वाजायला लागली. अपुरी. अजून काम चाललेलं. माझा अर्धा लिहिलेला कोड कोणीतरी माझ्या लॅपटॉपवरून उचलून क्लायंटला दाखवला तर मी काय करेन? लार्स ज्या पद्धतीने भांडला ती मूर्खपणाची होती, आपल्याच चाहत्यांची यादी घेऊन जाणं तर महामूर्खपणा. पण मूळ तक्रार रास्त होती. त्याचा राग टेपरवर नव्हता, फुटलेल्या टेपवर होता. स्टेजवर वाजवलेलं आणि स्टुडिओतून फुटलेलं यांत फरक आहे. पहिलं तुम्ही लोकांना दिलेलं असतं, दुसरं अजून दिलेलं नसतं.

तर माझं पक्कं मत ते हे. लोकांसमोर वाजवलं म्हणजे दिलं. साठवणाऱ्याला साठवू द्या, वाटणाऱ्याला वाटू द्या, विकणाऱ्याला कोर्टात खेचा. अर्धवट काम बाहेर काढणाऱ्याला तर दोन लावा. पर्ल जॅमने २००० मध्ये सगळ्यांत सोपा मार्ग काढला : एका दौऱ्याचे ७२ लाइव्ह अल्बम स्वतःच काढले, बूटलेगवाल्यांचा धंदाच बसवला.

आणि हे सगळं मस्त जमलेलं असताना गिटारिस्टचा फोन आठवतो. कारण त्याचं तिसरं गाणं या माझ्या नियमाच्या बरोबर मध्ये उभं आहे. ते स्टेजवर वाजवलेलं होतं, आणि अर्धवटही होतं. डेडचं ठीक होतं. उद्या दुसरा कार्यक्रम, परवा तिसरा, आज आपटले तर २३०० पैकी एक. माझ्या मित्रांचे आयुष्यात मोजून अकरा कार्यक्रम झाले. त्यातला रेकॉर्ड झालेला हा एकच, आणि त्यात तो दोनदा आपटलाय.

२०२४ मध्ये बँड मोडला. बेसिस्ट म्युनिकला गेला, ड्रमरला मुलगी झाली. गिटारिस्ट वाजवतो की नाही माहीत नाही. तिसरं गाणं कधी पूर्ण झालंच नाही, म्हणजे आता जगात ते फक्त माझ्या हार्ड डिस्कवर आहे.

शनिवारी ती ५२ मिनिटं सलग ऐकली. सोलोत तो आपटतो, दुसऱ्या वेळी तर चांगलाच. मागून एक वेटर "पंधरा नंबर, दोन बिर्याणी" असं ओरडतो, बरोबर तालात. ड्रमरला कळवलं तर त्याचा मिनिटभरात रिप्लाय : "पाठव पाठव, पोरीला ऐकवतो!"

पाठवलं नाही. आधी गिटारिस्टला मेसेज टाकलाय की फाईल माझ्याकडे आहे, ड्रमर मागतोय, देऊ का. ब्लू टिक शनिवारीच आली.