धान्याचे वजन मोजले, विष कोण मोजणार?

गव्हाची कापणी तोंडावर आली असताना उत्तर भारतात अवकाळी पाऊस झाला, की केंद्र सरकारकडून एक ठरावीक स्वरूपाचा आदेश निघतो. सरकारी खरेदीचे निकष तेवढ्या हंगामापुरते शिथिल केले जातात. एप्रिल २०२३मध्ये अशाच आदेशाने पंजाब आणि हरियाणात आक्रसलेल्या व तुटलेल्या दाण्यांची मर्यादा ६ टक्क्यांवरून १८ टक्क्यांपर्यंत नेण्यात आली आणि चकाकी गेलेला गहूही काही अटींवर स्वीकारण्यात आला. ज्याचे पीक कापणीच्या आठवड्यात भिजले, त्या शेतकऱ्याला व्यापाऱ्याच्या दयेवर सोडणे अन्यायाचे ठरले असते. त्या सवलतीला माझा आक्षेप नाही. मला खटकते ते इतकेच, की या आदेशातील सगळी परिमाणे डोळ्यांना दिसणारी आहेत. दाणा तुटका आहे का, सुरकुतलेला आहे का, त्याचा रंग उतरला आहे का, हे मंडीतला निरीक्षक पाहतो आणि यंत्राने ओलावा मोजतो. भिजलेल्या दाण्यावर वाढणारी बुरशी जे विष मागे ठेवते ते दिसत नाही. त्याला वास नाही, चव नाही, आणि रोटी भाजण्याच्या उष्णतेने ते पुरेसे नष्टही होत नाही.

बुरशी आणि धान्य यांचे नाते आपल्या राज्यसंस्थेला अपरिचित आहे असे मुळीच नाही. गव्हावरील तांबेऱ्याने मध्य भारतात वारंवार हाहाकार माजवला. १९४६-४७ची साथ तर जुन्या पिढीच्या कृषी अधिकाऱ्यांच्या तोंडी कायम असे. आग्रा येथील करमचंद मेहता यांनी आयुष्यभर या रोगाचा माग काढला आणि तांबेऱ्याचे बीजाणू उन्हाळा डोंगराळ प्रदेशात काढून दर हंगामात मैदानी मुलखात उतरतात, हे दाखवून दिले. हरितक्रांतीच्या गव्हाच्या वाणांत तांबेऱ्याला तोंड देण्याची क्षमता आणणे, हा आपल्या वैज्ञानिकांचा मोठाच पराक्रम होता. अलीकडचे उदाहरण घ्यायचे तर २०१६मध्ये बांगलादेशात गव्हावर करप्याची साथ आली, तेव्हा पश्चिम बंगालने नदिया आणि मुर्शिदाबाद या सीमावर्ती जिल्ह्यांत गव्हाची लागवडच काही काळ थांबवली. उत्पादनावर घाला येतो आहे असे दिसले, की आपले प्रशासन किती वेगाने हलू शकते, याचा हा पुरावा होय.

मात्र या साऱ्या इतिहासात बुरशी ही पिकाची चोर म्हणून नोंदली गेली आहे. बंगालच्या १९४३च्या दुष्काळावरील वादही याच चौकटीत चालतो. वनस्पतिरोगतज्ज्ञ एस. वाय. पद्मनाभन यांनी १९७३मध्ये आदल्या वर्षीच्या भातावरील तपकिरी ठिपक्यांच्या रोगाकडे बोट दाखवले. अमर्त्य सेन यांनी १९८१च्या ग्रंथात धान्याच्या एकूण साठ्यापेक्षा ते मिळवण्याची लोकांची ऐपत निर्णायक होती, असे मांडले. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला हा वाद महत्त्वाचा वाटतो. परंतु धान्य किती होते आणि ते कोणापर्यंत पोहोचले, एवढेच दोन प्रश्न त्यात आहेत. पोहोचलेले धान्य खाण्याजोगे होते का, हा तिसरा प्रश्न आपल्या सार्वजनिक चर्चेत जवळजवळ नाही. १९६५मध्ये भारतीय अन्न महामंडळ स्थापन झाले ते टंचाईच्या छायेत, आणि त्या यंत्रणेच्या मोजमापांवर ती छाया आजही आहे.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर १९७४मध्ये गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा या जिल्ह्यांतील भिल्ल वस्त्यांनी दिले होते. अवर्षणाने गांजलेल्या त्या भागात मक्याचे पीक हाताशी आले असताना अवेळी पाऊस झाला. कणसे भिजली, ती नीट वाळलीच नाहीत आणि तशीच घरात साठवली गेली. ऑक्टोबरपासून गावोगाव काविळीचे रुग्ण दिसू लागले. पोटात पाणी साठू लागले. कावीळ म्हटली की विषाणूची शंका प्रथम येते. पण एकाच घरातील अनेक जण एकाच वेळी आजारी पडत होते, गावातील कुत्र्यांनाही तोच आजार होत होता आणि सर्वांना जोडणारा दुवा एकच होता, तो म्हणजे मका. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील के. ए. व्ही. आर. कृष्णमाचारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हा तपास प्रसिद्ध केला. त्यात ३९७ रुग्ण आणि १०६ मृत्यू नोंदले आहेत. मक्याच्या नमुन्यांत किलोमागे ६.२५ ते १५.६ मिलिग्रॅम अफ्लाटॉक्सिन आढळले. आजच्या कायद्याने धान्यासाठी ठरवलेली मर्यादा किलोमागे १५ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे ती माणसे मर्यादेच्या चारशे ते हजार पट विष महिनाभर खात होती.

या घटनेत अज्ञानाचा भाग होता, हे खरे. परंतु ती केवळ अज्ञानाची कहाणी ठरवणे सोयीचे असले तरी अपुरे आहे. बुरसलेला मका बुरसलेला दिसतो. घरात दुसरे धान्य असते, तर किती कुटुंबांनी तो खाल्ला असता? अवर्षणानंतरच्या हंगामात घरचे पीक टाकून द्यायचे, तर त्या जागी काय शिजवायचे, या प्रश्नाला त्या वस्त्यांपाशी उत्तर नव्हते. आजही धान्यातील विषाचा कोणताही विचार याच टोकापासून सुरू व्हायला हवा.

पंचमहाल ही एकटी घटनाही नाही. तत्कालीन मुंबई राज्याच्या दक्षिण भागात १९५६-५७मध्ये अरगट लागलेली बाजरी खाऊन लोक आजारी पडले होते; १९७५च्या सुमारास राजस्थानात तेच झाले. अरगटाच्या गाठी तरी दिसतात आणि मिठाच्या पाण्यात वर तरंगतात, म्हणून त्या काढून टाकता येतात. १९८७मध्ये काश्मीर खोऱ्यात पावसात भिजलेल्या गव्हाच्या पिठाने पोटदुखी-उलट्यांची साथ आली. तेथे दुसऱ्या जातीच्या बुरशीचे, ट्रायकोथेसीन गटातील विष होते. १९९५मध्ये दख्खनच्या पठारावरील आंध्र प्रदेश व कर्नाटकातील गावांत भिजलेली ज्वारी आणि मका खाल्ल्याने १,४२४ जण आजारी पडल्याची नोंद आहे. तेथील विष फ्युमोनिसिन होते. प्रदेश, पीक, बुरशी आणि विष दर वेळी वेगळे. तरी कापणीच्या सुमारास आलेला पाऊस आणि ते धान्य खाण्यावाचून गत्यंतर नसलेली माणसे, या दोन गोष्टी सर्वत्र समान आहेत. पीक उभे असताना पाण्याचा ताण आणि उष्णता, आणि कापणीला पाऊस, हा क्रम अफ्लाटॉक्सिन तयार करणाऱ्या बुरशीला विशेष मानवतो. हवामानाचे आजचे रूप पाहता हा क्रम विरळ होत जाईल, असे मानायला आधार नाही.

साथीत माणसे दगावतात तेव्हा बातमी तरी होते. मोठे संकट त्याहून संथ आहे. अफ्लाटॉक्सिन माणसात कर्करोग निर्माण करते, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने निःसंदिग्धपणे मान्य केले आहे. यकृतदाहाच्या ‘ब’ विषाणूची बाधा असलेल्यांत हा धोका कैक पटींनी वाढतो. रोजच्या घासातून अल्प प्रमाणात जाणाऱ्या विषाचा पंचनामा होत नाही. शिवाय ते केवळ धान्यातून येत नाही. जनावराने विषयुक्त मका किंवा पेंड खाल्ली, की त्याचा एक लहानसा अंश रूप बदलून दुधात उतरतो. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१९मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीत दुधाचे ६,४३२ नमुने तपासले, त्यांपैकी ५.७ टक्क्यांत हे प्रमाण मर्यादेपेक्षा अधिक होते. दुधातील पाण्याच्या भेसळीवर आपण पिढ्यान्‌पिढ्या बोलत आलो. या आकड्यावर मात्र आठवडाभरही चर्चा झाली नाही. गुरांच्या खाद्यासाठी मानके सक्तीची करण्याचा आदेश २०२०मध्ये निघाला आणि मग अंमलबजावणीच्या तारखा पुढे ढकलल्या गेल्या.

यात आता इथेनॉलची भर पडली आहे. पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलसाठी मका हा प्रमुख कच्चा माल बनला आहे आणि २०१८चे जैवइंधन धोरण मानवी आहारास अयोग्य ठरलेल्या धान्याच्या वापरालाही मुभा देते. खराब धान्य माणसाच्या ताटातून काढून इंधनाकडे वळवणे ही तत्त्वतः उत्तम गोष्ट आहे, कारण विष मद्यार्कात उतरत नाही. ते मागे उरलेल्या चोथ्यात राहते, आणि स्टार्च निघून गेल्यामुळे तेथे त्याचे प्रमाण सुमारे तिपटीने वाढते. हाच वाळवलेला चोथा कोंबड्यांच्या आणि दुभत्या जनावरांच्या खाद्यात जातो. म्हणजे एका दाराने बाहेर काढलेले विष दुसऱ्या दाराने, अधिक दाट होऊन, घरात येऊ शकते.

जिल्हा प्रशासनात असताना पावसात भिजलेल्या धान्याची कागदपत्रे माझ्यासमोर अनेकदा येत. त्यांत पोत्यांची संख्या, वजन, ओलावा आणि नुकसानीची रक्कम यांचे रकाने असत. धान्य माणसाला अयोग्य ठरले, की चांगल्या दाण्यांच्या टक्केवारीनुसार त्याची पशुखाद्य, औद्योगिक वापर, खत अशी प्रतवारी होई. पशुखाद्य म्हणून विकलेल्या धान्यात विष किती, हे सांगणारा रकाना मला कधी दिसला नाही. नियम पाळले जात होते. नियमांतच तो प्रश्न नव्हता.

आपल्याला विष मोजता येत नाही, असेही नाही. युरोपात शेंगदाणा पाठवायचा असेल, तर अफ्लाटॉक्सिनची चाचणी आणि मालाचा माग ठेवणारी संगणकीय व्यवस्था ‘अपेडा’ने कधीच उभी केली आहे. युरोपची मर्यादा आपल्यापेक्षा कडक आहे आणि खेप परत आली तर निर्यातदाराचे नुकसान होते, म्हणून ती व्यवस्था चालते. दाहोदच्या एखाद्या घरातला मका कोणी परत पाठवत नाही. त्याला तपासनीस भेटत नाही, कारण तो बाजारातच येत नाही. तो पिकतो, साठतो आणि खाल्ला जातो. देशातील कायद्याची मर्यादा लिहिलेली आहे, पण तिची पोच मुख्यतः वेष्टनातील मालापर्यंत आहे.

यावर मंडीतच कडक चाचणी लावा आणि दोषी माल नाकारा, असा उपाय सुचवला जाईल. मला तो धोकादायक वाटतो. विष सर्व दाण्यांत सारखे पसरलेले नसते. मूठभर दाण्यांत बहुतेक विष एकवटलेले असू शकते. एका पोत्याचा नमुना निर्दोष निघतो आणि शेजारचे पोते विषारी असते. अशा चाचणीवर शेतकऱ्याचा माल फेटाळला, तर तो माल नाहीसा होणार नाही. तो स्वस्तात खासगी व्यापाऱ्याकडे जाईल किंवा घरच्या कणगीत राहील. गरिबाच्या ताटाचा मार्ग दोन्हीकडून मोकळाच आहे.

म्हणून चाचणीचा भार शेतकऱ्यावर न टाकता खरेदीनंतर शासनाने उचलावा. निकष शिथिल करून घेतलेल्या गव्हाच्या थप्प्या वेगळ्या रचायच्या आणि त्यांचा हिशेब वेगळा ठेवायचा, अशी अट सवलतीच्या आदेशांत असतेच. त्या थप्प्यांतून शास्त्रोक्त पद्धतीने नमुने घेऊन विषाची तपासणी झाल्याशिवाय त्या रेशनवर उतरू नयेत, एवढी एक अट तेथे जोडता येईल. ज्या तालुक्यांत कापणीला पाऊस झाला, तेथे रेशन दुकानांतून घरचे बुरसलेले धान्य चांगल्या धान्याशी बदलून देण्याची मोहीम काढता येईल. सुमारे ८१ कोटी लोकांना धान्य देणाऱ्या व्यवस्थेला हे पेलवेल. सहकारी संस्थांच्या पातळीवर ७०० लाख टन साठवणुकीची योजना २०२३मध्ये मंजूर झाली आहे. त्या प्रत्येक गोदामासोबत धान्य वाळवण्याचे यंत्र हवे, कारण ओले धान्य पक्क्या छपराखालीही बुरसतेच. इथेनॉल कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या चोथ्याची प्रत्येक खेप तपासून निकाल जाहीर व्हावेत. आणि जिल्हा रुग्णालयात काविळीचे रुग्ण एकाच गावातून येऊ लागले, तर पशुवैद्यकाला विचारून घरातील धान्य तपासण्याची सूचना रोगसर्वेक्षणाच्या कार्यपद्धतीत लिहिलेली असावी. पन्नास वर्षांपूर्वी कुत्र्यांनी दिलेला इशारा एवढा तरी उपयोगी पडावा.

यातील पहिल्या सूचनेसाठी नवा कायदा लागत नाही. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ अन्नसुरक्षेची व्याख्या हक्काच्या ‘प्रमाणात’ धान्य पुरवणे अशी करतो; व्याख्येचा भर येथेही प्रमाणावरच आहे. परंतु त्याच कायद्यात ‘अन्नधान्य’ म्हणजे केंद्र सरकार वेळोवेळी आदेशाने ठरवील त्या गुणवत्तेचे धान्य, असेही म्हटले आहे. गुणवत्तेचा तो आदेश दिल्लीतील एका सहीने बदलू शकतो. पुढच्या अवकाळी पावसानंतर सवलतीचा आदेश निघेलच. तो निघायलाही हवा. त्याच कागदावर आणखी एक परिच्छेद लिहायचा आहे, आणि तो भिजलेला गहू पिकवणाऱ्याइतकाच तो खाणाऱ्यासाठी असेल.